पाणी कधी सुटणार?

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरले तेव्हा सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मुंबईचं विमान संध्याकाळी सात चाळीसला. मधले साडेतेरा तास माझे.

ऑस्ट्रेलियाचा व्हिसा असला की परतीच्या वाटेवर सिंगापूर शहरात ९६ तासांपर्यंत जाता येतं, हा शोध मुलाचा. मेलबर्नहून निघण्याआधी त्यानं अरायव्हल कार्ड मोबाईलवर भरून दिलं, मेट्रोसाठी स्वतःचं कार्ड दिलं आणि एका कागदावर यादी लिहून दिली. मर्लायनचा पुतळा, गार्डन्स बाय द बे ही बाग, सेंटोसा बेट. कुठे किती वेळ थांबायचं तेसुद्धा. सुनेनं स्पोर्ट्स शूज घेऊन दिले होते. सलवार-कमीजखाली ते घालून मी इमिग्रेशनच्या रांगेत उभी राहिले आणि सवयीनं फोन काढून पाहिला. मेलबर्नचं सिमकार्ड संपलेलं, भारतातल्यावर रोमिंग नाही. फोन म्हणजे नुसतं घड्याळ उरलं होतं.

हे ज्यांना साधं वाटेल त्यांच्यासाठी सांगते. मराठवाड्यातल्या एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात मी ३३ वर्षं काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागले तेव्हा घरी लँडलाइन होता, निवृत्त झाले तेव्हा हातात दोन मोबाईल होते. प्रश्न मात्र तोच. "बाई, पाणी कधी सुटणार?" पहाटे चारला, रात्री अकराला, दवाखान्यात, देवळात. मुलाच्या लग्नात अक्षता हातात असताना आमदारांच्या पीएचा फोन आला होता आणि शेवटची मंगलाष्टकं होईपर्यंत मी मांडवामागे जाऊन पाणी सोडणाऱ्या वॉलमनशी बोलत होते. निवृत्तीला तीन वर्षं झाली, तरी गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप अजून मलाच विचारतो.

आणि इथे, साठ लाख माणसांच्या शहरात, कुणाच्याही नळाची जबाबदारी माझ्यावर नव्हती. मेट्रोच्या खिडकीतून बाहेर बघताना जरा चुकल्याचुकल्यासारखंच वाटत होतं, खरं सांगायचं तर.

सिटी हॉल स्टेशनला उतरून वर आलं की समोरच सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल. पांढरं शुभ्र, उंच मनोऱ्याचं. चर्च बघायची मला विशेष हौस नाही, पण ऊन वाढायला लागलं होतं आणि दार उघडं होतं. आत गेले आणि भिंतीला हात लावला. गार, आणि गुळगुळीत. माहितीफलकावर लिहिलं होतं की हा मद्रासी चुना: शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक, साखर हे कांडून लगदा करायचा, नारळाच्या सोडणाचं पाणी घालून तो सैल करायचा, भिंतीला लावायचा आणि वाळल्यावर दगडानं घासूनघासून चकाकी आणायची. आमच्या आजोळच्या वाड्याचा चुना घाण्यात मळताना गूळ आणि बेलफळ घातलेलं होतं, असं आजी सांगायची. तीच विद्या, फक्त समुद्रकाठची. ही इमारत १८५६ ते १८६१ या काळात उभी केली ती हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांनी. बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यातले हजारो कैदी १८२५ पासून इथे आणले गेले. रस्ते, पूल आणि हे चर्चही त्यांच्याच हातचं. मुंबई इलाख्यातले म्हणजे त्यात आपल्याकडचे कुणी असणारच. मी तो भिंतीवरचा हात जरा वेळ तसाच ठेवला. शेजारी फोटो काढणाऱ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांनीही भिंतीला हात लावला.

यादीत पहिला मर्लायन होता. तिकडे जाताना एस्प्लनेड पार्कमध्ये एक लोखंडी कारंजं लागलं आणि तिथेच यादीचे बारा वाजले.

कारंजं काही फार मोठं नाही. पण ते आहे पाण्यासाठी पैसे दिलेल्या माणसाचं. तान किम सेंग नावाच्या चिनी व्यापाऱ्यानं १८५७ साली शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी १३,००० डॉलर दिले. सरकारनं ते घेतले, आणि मग काय झालं हे कुठल्याही पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाला सांगायला नको. तलाव व्हायला १८६८ उजाडलं. तान किम सेंग १८६४ सालीच वारला होता. त्याच्या पैशाचं पाणी त्याला काही दिसलं नाही. १८८२ मध्ये शहरानं त्याच्या नावानं हे कारंजं बांधलं, बहुधा थोडं ओशाळूनच. मुंबईचा विहार तलाव १८६० सालीच बांधून झाला होता, म्हणजे त्या घटकेला आपण पुढे होतो. आपल्या मराठवाड्याचं म्हणाल तर मलिक अंबरनं खडकीला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) नहर आणली ती सतराव्या शतकात! असो. आपण कुठे कुठे पुढे होतो याची यादी करायला मला बंदीच घातली पाहिजे.

त्या तलावाला आज मॅकरिची म्हणतात. जेम्स मॅकरिची म्हणजे १८८३ ते १८९५ या काळातला म्युनिसिपल इंजिनियर, ज्यानं तो तलाव वाढवला. पुढे नदी ओलांडून लाउ पा सात नावाच्या बाजारात मी कोपी प्यायले (मलाय भाषेत कॉफीला कोपीच म्हणतात, आणि ती आपल्या कॉफीपेक्षा दुप्पट कडक असते) तो अष्टकोनी, बिडाच्या खांबांचा बाजारही त्याचाच, १८९४ चा. म्युनिसिपालिटीच्या इंजिनियरचं नाव तलावाला! आमच्याकडे माझं नाव एकदाच भिंतीवर झळकलं होतं. रायझिंग मेन, म्हणजे टाकीकडे पाणी चढवणारी मुख्य नळी, फुटून शहराला नऊ दिवस पाणी नव्हतं, तेव्हा कुणीतरी डांबरानं लिहिलं होतं.

पण सांगायचं आहे ते नदीबद्दल.

कॅव्हेना पूल जुना, १८६९ चा, कैद्यांनीच बांधलेला. गुरं आणि घोडे नेण्यास मनाई, अशी पाटी अजून आहे त्यावर. मी मध्यावर उभी राहून खाली पाहिलं. पाणी हिरवट, संथ, वासच नाही. वास नाही, ही माझ्या लेखी नदीबद्दलची सगळ्यात मोठी बातमी. ही नदी जेमतेम तीन किलोमीटरची आणि १९७७ पर्यंत तिचं उघडं गटार झालेलं होतं. वरच्या अंगाला डुकरांचे आणि बदकांचे फार्म, काठावर झोपड्या, मासळीचे आणि भाजीचे फेरीवाले, पाण्यात शेकडो मालवाहू होड्या, आणि त्या सगळ्यांचं सगळं नदीत. पंतप्रधान ली क्वान यू यांनी त्या वर्षी सांगितलं की दहा वर्षांत या नदीत मासे धरता आले पाहिजेत. १९८७ मध्ये काम पुरं झालं.

हे वाचून कुणीही माना डोलावेल. मीही नोकरीत असताना प्रशिक्षणवर्गात हीच स्लाइड पाहून डोलावली होती. 'राजकीय इच्छाशक्ती' असा शब्द त्या स्लाइडवर होता, मला चांगला आठवतो. त्या दहा वर्षांत सुमारे २६,००० कुटुंबं उठवली, हा आकडाही होता, पण बारीक अक्षरात.

पुलावर मला तो आकडा आठवला आणि त्याच्यामागोमाग एक निळा ड्रम आठवला. नोकरीतली सुरुवातीची वर्षं. आमच्या गावच्या ओढ्याकाठची अतिक्रमणं काढायचा हुकूम आला. मोजणीचा टेप घेऊन मी उभी, मागे जेसीबी. ओढ्यात मैला सोडतात म्हणून काढायची, हे कागदावर बरोबरच होतं. खालच्या अंगाला आमची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, होती. एका बाईनं सामान आधीच बाहेर काढून ठेवलं होतं, राहिला होता फक्त पाण्यानं भरलेला दोनशे लिटरचा ड्रम. आदल्या दिवशी पाण्याची पाळी होती, तो भरून घेतलेला. तो उचलता येईना आणि ओतवेना. ती मला म्हणाली, "ह्यो कुठं ठिवू, सांगा." मी टेप गुंडाळत राहिले. तिला दुसरीकडे जागा द्यायची असं ठरलं होतं; ती द्यायला किती वर्षं लागली ते मी लिहीत नाही. ओढा आजही तसाच आहे, हे मात्र लिहायला हवं. इथल्या लोकांना निदान उंच इमारतींत घरं मिळाली, फेरीवाल्यांना नळ आणि मोरी असलेले ओटे मिळाले, आणि नदीही साफ झाली. घरं सोडताना त्यांनाही जड गेलंच असेल. पण ज्यासाठी उठवलं ते झालं तरी.

दुपारी लिट्ल इंडियात जाऊन केळीच्या पानावर भात-सांबार जेवले आणि बाहेर पडून वाट चुकले. चुकले ते बरं झालं, कारण समोर रोशोर कालवा आला. कालवा म्हणजे पावसाच्या पाण्याचं मोठं काँक्रीटचं गटार, दोन्ही बाजूंना कठडे. या शहरात मैल्याच्या नळ्या वेगळ्या आणि पावसाचं पाणी वेगळं. दोन्ही कुठेही एक होऊ देत नाहीत. म्हणूनच रस्त्यावर, छपरावर, बागेत पडलेला पाऊस गटारांतून जलाशयात जातो आणि शुद्ध होऊन नळाला येतो. शहराची दोन तृतीयांश जमीन अशी पाणलोट क्षेत्र आहे. थोडक्यात, मी उभी होते तो रस्ता म्हणजे धरणाचा पाणलोट. आमच्याकडे असल्या रस्त्यावरचं पाणी प्यायचं म्हटलं तर तुरटीचे ट्रक कमी पडतील.

मी कठड्यावरून वाकून उतार बघत होते. शेजारच्या लहान गटाराच्या तळाला मधोमध एक वीतभर रुंदीची नाली केलेली असते, कोरड्या दिवसातलं थोडं पाणी तेवढ्यातूनच वाहावं म्हणून. म्हणजे पाणी पसरत नाही, साचत नाही, डास होत नाहीत. इतकी साधी गोष्ट. कडेचं प्लास्टर सुद्धा पाहण्यासारखं, कुठे खवला निघालेला नाही. त्या गटारात गमबूट घालून एक पोरगा जाळीत अडकलेली पानं चिमट्यानं पिशवीत भरत होता. त्यानं वर पाहिलं.

"आंटी, रास्ता भूल गया?"

बांगलादेशचा होता. हिंदी सिनेमातून शिकलेली.

"नहीं बेटा, देख रही हूँ."

"इस में क्या देखना है?"

"मैं भी यही काम करती थी. इंडिया में. तैंतीस साल."

त्यानं माझा चष्मा पाहिला, पर्स पाहिली, सुनेनं दिलेले बूट पाहिले. "आप? नाली?" आणि मग तो एवढ्या मनापासून हसला की पलीकडून त्याच्या मुकादमानं हाक मारली. मला सांगावंसं वाटलं की अरे, मी असे चेंबर किती पाहिलेत, आणि आत उतरणाऱ्या माणसाला गमबूट मिळावेत म्हणून किती टिपणं लिहिलीत. पण तेवढी हिंदी मला नाही, आणि त्याला वेळ नव्हता. पाऊस यायच्या आत जाळी मोकळी करायची होती त्याला.

तो आलाच. चार मिनिटांत आभाळ काळं, मग असा कोसळला की पलीकडची इमारत दिसेना. मी एका दुकानाच्या पडवीत उभी राहिले. मघाची वीतभर नाली भरली, गटार भरलं, कालव्यात तांबूस पाणी निम्म्यापर्यंत चढलं. रस्त्यावर मात्र पाणी नाही. अर्ध्या तासात पाऊस थांबला आणि पाणी उतरत उतरत परत त्या वीतभर नालीत गेलं. आजूबाजूला कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. मी पाहिलं ते सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एखाद्या नाटकासारखं.

रोशोरहून बेफ्रंटपर्यंत मेट्रो, आणि तिथून बागेतून चालत चालत मरीना बराज. मुलाच्या यादीतली बाग ती हीच, त्यामुळे तीही पाहिली असं म्हणता येईल. ते प्रसिद्ध लोखंडी महावृक्ष बघत होते तोच पाण्याच्या कडेला माणसं घोळक्यानं उभी दिसली. पाणमांजरं! पाच होती. एकानं तळहाताएवढा मासा पुढच्या पंजांत उभा धरला होता आणि डोक्याकडून कुरकुर चावत होतं, पोरं मक्याचं कणीस खातात तसं. हाडं मोडल्याचा आवाज येत होता. अंग ओलं, केस काट्यांसारखे चिकटलेले. ही आपल्या कोकणच्या खाड्यांत असतात तीच जात. नदी घाण होती तेव्हा इथून नाहीशी झालेली. ती साफ झाल्यावर नव्वदच्या दशकात आपणहून परत आली. नदीत मासे धरता यावेत हे पंतप्रधानांचं म्हणणं सगळ्यात मनावर घेतलं ते यांनीच.

बराज म्हणजे समुद्र आणि शहर यांच्यामध्ये घातलेला ३५० मीटरचा बांध, २००८ चा. आत पूर्वी खाडीचं खारं पाणी होतं, ते पावसानं हळूहळू गोडं झालं. ज्या पाण्यासमोर उभं राहून लोक उंच हॉटेलांचे फोटो काढतात, ते पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, हे त्यातल्या किती जणांना माहीत असतं कोण जाणे. नऊ पोलादी दरवाजे आहेत. जोराचा पाऊस झाला आणि समुद्राला ओहोटी असली तर दरवाजे खाली पाडून जादा पाणी सोडून देतात. भरती असली तर दरवाजे बंद ठेवून सात पंप लावतात, एकेकाची क्षमता सेकंदाला ४० घनमीटर. चाळीस! मी आकडा दोनदा वाचला. आमच्या हेडवर्क्सवर, म्हणजे जिथून गावाला पाणी उपसतात तिथे, दोन पंप होते, एक चालू आणि एक 'स्टँडबाय'. स्टँडबाय म्हणजे नादुरुस्त.

बराजच्या छपरावर हिरवळ आहे. तिथे लोक पतंग उडवत होते. मी बसले आणि बुटांच्या नाड्या सैल केल्या.

सिंगापूरला वर्षाला २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्या तिपटीएवढा. तरी ते पाण्याला महाग, कारण पडलेला पाऊस साठवायला जागाच नाही. मलेशियाच्या जोहोरमधून नळानं पाणी येतं. १९६२ चा करार, दिवसाला २५ कोटी गॅलनपर्यंत, हजार गॅलनला तीन सेन. म्हणजे साडेचार हजार लिटरला आपला एक रुपयाही नाही. पण करार २०६१ ला संपतो. आणि नळ दुसऱ्याच्या हातात असला की काय होतं हे या बेटानं पाहिलेलं आहे. जानेवारी १९४२ च्या शेवटी माघार घेताना इंग्रजांनी जोहोरला जोडणारा रस्ता सुरुंगानं उडवला, त्यात ती पाण्याची नळी गेली. बॉम्बनं शहरातल्या नळ्या फुटल्या. १५ फेब्रुवारीला शरणागती पत्करताना पाणी संपत आल्याचं कारण त्यात होतंच. पुढे १९६३ च्या दुष्काळात महिनोन् महिने पाळीनं पाणी. त्या भीतीतून हे सगळं आलं आहे: बांध, खारं पाणी गोडं करायचे कारखाने, मैलापाणी पार शुद्ध करून वापरायचं 'न्यूवॉटर'. २००२ च्या राष्ट्रीय दिनाला हजारो लोकांनी त्याच पाण्याच्या बाटल्या उंचावून ते प्यायलं होतं.

भीती आम्हालाही वाटते. मार्चपासून वाटते. मेमध्ये तर कलेक्टर ऑफिसात रोज बैठक असते, टँकरच्या खेपांचे तक्ते, विहिरींचं अधिग्रहण, कायमस्वरूपी योजनेच्या फायली. मग मृग लागतो, दोन सरी पडतात, मातीचा वास सुटतो, आणि त्या वासाबरोबर भीती जाते. फाइल कपाटात. मीच ठेवलेली आहे, इतरांना काय बोलू.

पावणेपाचला विमानतळावर परत आले. तिथल्या ज्वेल नावाच्या काचेच्या इमारतीत मधोमध एक धबधबा आहे. छताच्या भोकातून चाळीस मीटर खाली पडणारा, भोवती झाडी, बाके. बाकावर बसून विमानतळाचं वायफाय लावलं. धबधब्यातून मिनिटाला सुमारे ३८,००० लिटर पाणी पडतं, असं त्यावर वाचलं आणि डोक्यात गणित सुरू झालं, ते काही माझ्या हातात नसतं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, 'जलदूत'. पहिल्या खेपेला दहा वॅगन, सुमारे ५ लाख लिटर. आमचं गाव जवळच, म्हणून मी मुद्दाम पाहायला गेले होते. पत्रकारांची गर्दी, पुढाऱ्यांचे हार, आणि वॅगनच्या झडपेतून थेंब थेंब ठिबकणाऱ्या पाण्याखाली एका पोराने धरलेली बाटली. ती बाटली भरेपर्यंत तो हलला नाही.

पाच लाख भागिले अडतीस हजार. तेरा मिनिटं आणि थोडे सेकंद.

मी घड्याळ लावून बसले. पाणी तेच तेच फिरवतात, पावसाचं साठवलेलं असतं, हे मला कळतं. त्यामुळे राग यायलाही जागा नव्हती. तेरा मिनिटं पाणी पडत होतं. पोरं फोटो काढत होती. एक बाई बाळाला कडेवर घेऊन त्याला वर बघायला लावत होती आणि ते खाली बघत होतं.

फोन वाजला. व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभराचं साचलेलं आलं होतं. मुलाचं, 'मर्लायन झाला का?' गल्लीच्या ग्रूपवर एकवीस मेसेज, शेवटचा समोरच्या काकूंचा. 'बाई पोचल्या का? उद्या पाणी सुटणार का विचारा त्यांना.'

आमच्या वॉलमनला मेसेज टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं. 'नमस्कार बाई. हेडवर्क्सला लाईट नाही सकाळपासून. परवा पहाटे बघू.'

तसंच ग्रूपवर पुढे पाठवलं, आणि बाटली भरून घ्यायला नळ शोधू लागले.